बांधणीबाईंचा पासपोर्ट

तीन मार्चला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बांधणीबाईंचं विमानाचं तिकीट निघालं. जाऊन-येऊन, एका माणसाचं, अठ्ठ्याऐंशी हजार तीनशे पंचेचाळीस. संगणकाचं शेवटचं बटण दाबण्याआधी पुतणीने मान वळवून विचारलं, "आत्या, नक्की ना? रद्द केलं तर पैसे परत नाहीत." बाई म्हणाल्या, "दाब." त्या क्षणापासून त्यांचा पाय एका जागी ठरेना, तो पुढचे दोन महिने ठरलाच नाही.

बाई शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात बांधणी खात्यात होत्या. एकतीस वर्षं एकच काम. सुटलेली पुस्तकं उसवायची, पानं साफ करायची, पुन्हा शिवायची, पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवायचा. म्हणून सगळे बांधणीबाई म्हणत. पगारपत्रकावरचं नाव फक्त हिशेबनिसाला ठाऊक होतं. वय चौपन्न. लग्न केलं नव्हतं. त्याची चार-पाच कारणं नातेवाइकांकडे तयार होती, त्यांतलं एकही बाईंनी सांगितलेलं नव्हतं. थोरल्या भावाच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली त्यांची. तिथे खिडकीशी एक टेबल, टेबलावर लाकडी दाबयंत्र आणि भिंतीशी पत्रांनी भरलेली तीन खोकी.

त्या पत्रांमुळेच हा प्रवास निघाला. एकोणीस वर्षांपूर्वी बांधणीकामाच्या एका परदेशी त्रैमासिकात बाईंनी प्रश्न पाठवला होता : दमट हवेत खळीला बुरशी धरते, काय करावं? पाच देशांतून पाच उत्तरं आली. पाचही निरनिराळी, आणि ती अंकात छापून आल्यावर प्रत्येकाने बाकीचे चार कसे चुकतात तेही लिहिलं होतं. भांडणातून पत्रं वाढली, पत्रांतून मैत्री झाली. त्यांतली एक हाताने कागद बनवायची, ती कागदवाली. एक जण पुस्तकांच्या कडा रंगवायचा, तो काठवाला. कागदवालीला आता त्र्याहत्तर झाली होती आणि या उन्हाळ्यात ती आपलं कामाचं छप्पर, म्हणजे कागद बनवायची शेड, विकणार होती. त्याआधी तिने सगळ्यांना बोलावलं. दोन, तीन आणि चार मे. सहाही जण एका टेबलाशी. कुणीच कुणाला पाहिलेलं नव्हतं. पुन्हा असे जमतील ही आशा धरण्यात अर्थ नव्हता, पहिल्यांदाच जमायला एकोणीस वर्षं लागली होती.

दादांना हे सगळं जेवताना सांगितलं गेलं. दादा विमा कंपनीतून निवृत्त झालेले. धोक्याशिवाय दुसरं त्यांना पटकन काही दिसत नसे.

"एकटी जाणार?"

"तिकीट एकच काढलंय."

"आणि तिथे उतरल्यावर कुणी घ्यायला आलं नाही तर?"

"तर तुला फोन करीन. तू ये घ्यायला."

वहिनींनी तोंड फिरवलं, पण हसू कानापर्यंत गेलेलं दिसत होतं.

"ज्यांचं तोंडही पाहिलं नाहीस त्यांच्या घरी राहणार तू?"

"अक्षर पाहिलंय, दादा."

दादांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

मार्च महिना बाईंनी उभ्याने काढला. बॅग भरली, उतरवली, पुन्हा भरली. वजनकाट्यावर ठेवली तर अकरा किलो तीनशे. एक स्वेटर काढला आणि दोन डबे खळीची पावडर घातली. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना त्या खिडकीशी चकरा मारत. कामावर तर नवलच झालं. वार्षिक अहवालांचा एक जाड खंड त्यांनी उलटा बांधला. पुठ्ठ्यावरचं नाव सरळ, आतली पानं डोक्यावर. शिपाई तो उघडून गंभीरपणे म्हणाला, "बाई, हा वाचायला येणाऱ्याला खुर्ची द्यायची की उलटं टांगायचं?" बाईंनी खंड त्याच्या हातातून ओढून घेतला आणि त्याच दिवशी उसवला.

मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांनी व्हिसाचा अर्ज भरायला पासपोर्ट काढला. हा पासपोर्ट सात वर्षांपूर्वीचा. तेव्हा दादांच्या मुलाने परदेशातून सगळ्या घराला बोलावलं होतं. सगळ्यांचे पासपोर्ट झाले, आणि निघायच्या महिन्यात आईने अंथरूण धरलं. कुणीतरी मागे राहायला हवं होतं. कुणी राहायचं यावर घरात चर्चा झाली नाही, बाई राहिल्या. बाकी सगळे दोनशे फोटो घेऊन परत आले. बाईंचा पासपोर्ट कोराच कपाटाच्या तळच्या खणात गेला.

सात वर्षांच्या दमट हवेने त्याची दशा केली होती. मुखपृष्ठाचा आतला कागद फुगून सुटला होता आणि मधल्या शिलाईचा दोरा एका टोकाला बोटभर लोंबत होता. दुसऱ्या कुणी तो तसाच मिटून ठेवला असता. बाईंनी चष्मा लावला, दोरा चिमटीत धरून हलकेच ओढला, आणि तो सरसर निघून हातात आला. गेल्या चार आठवड्यांत पहिल्यांदाच हातांना ओळखीचं काम मिळालं होतं. त्यांनी पानं सुटी केली, कडा जुळवल्या, सुती दोऱ्याला मेण लावलं आणि जुन्याच भोकांतून नव्याने शिलाई घातली. आतला कागद पातळ खळीने चिकटवला, हाडाच्या पट्टीने सपाट केला आणि पासपोर्ट दाबयंत्रात ठेवला. पाऊण तासाचं काम. मग दुपारी त्या दोन तास गाढ झोपल्या.

सोमवारी पासपोर्ट बाहेर काढला तेव्हा तो नव्याहून सरळ होता. बाईंनी तो पुतणीला दाखवला. पुतणी म्हणाली, "छान दिसतोय." काय केलंय ते तिला कळलं नाही, आणि बाईंनाही सांगण्यासारखं वाटलं नाही.

सहा एप्रिलला त्या व्हिसाच्या कार्यालयात गेल्या. खिडकीमागे एक तरुण कारकून होता. त्याने पासपोर्ट एका छोट्या निळ्या दिव्याखाली धरला, मधलं पान उघडलं, मग बंद केलं आणि पुन्हा उघडलं.

"याचा दोरा चमकत नाहीये."

"चमकायचा नाही. सुती आहे, मेण लावलेला," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच घातलाय ना."

कारकुनाने चष्मा काढला. मागच्या रांगेतला एक माणूस एक पाऊल पुढे सरकला, ऐकायला.

"बाई, तुम्ही पासपोर्ट उसवलात?"

"उसवला आणि शिवला."

"का?"

"सुटत होता."

कारकून पासपोर्ट घेऊन आतल्या खोलीत गेला. वीस मिनिटांनी परत आला तेव्हा त्याचा आवाज सौम्य झाला होता, आणि तेच बाईंना जास्त लागलं. पासपोर्टचा दोरा खास असतो, तो दिव्याखाली चमकतो, म्हणजे कुणी पानं काढून दुसरी घातली तर कळतं. दोरा बदललेला पासपोर्ट चालत नाही. नवा काढावा लागेल, आणि त्याआधी जुन्याची चौकशी होईल. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. सरकारी पुस्तकही पुस्तकच, सुटलं की शिवायचं, यापलीकडे काही त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बातमी फोनवर आधीच पोचली होती. घरी दादा दारातच होते. "पोलीस येणार का घरी?"

"आले तर माझ्यासाठी येतील. तू आत बस."

पुतणीने गुपचूप सुयांचा डबा उचलून माळ्यावर ठेवला. "आत्या, विजेची बिलं सुटी आहेत, पण ती सुटीच असतात," ती म्हणाली.

तेरा तारखेला पासपोर्ट कार्यालयात बोलावणं आलं. अधिकारी आडव्या अंगाचे, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेले. टेबलावर फायलींचा ढीग, सगळ्यांतून कागद बाहेर आलेले. बाईंची नजर तिकडे जात होती आणि त्या ती ओढून परत आणत होत्या. अधिकाऱ्यांनी त्यांचा जबाब वाचला, पासपोर्टची पानं दोनदा मोजली आणि शिलाईवर अंगठा फिरवला.

"काम चांगलंय," ते म्हणाले. "पंचाईत तीच आहे. वेडंवाकडं शिवलं असतंत तर खराब झालेला पासपोर्ट म्हणून चार दिवसांत बदलून दिला असता. एवढं सफाईदार काम कोण करतं, माहितीये? जे धंदा म्हणून करतात ते."

"मी धंदा म्हणूनच करते."

"तेच लेखी आणा. तुमच्या साहेबांकडून."

"मला तीस तारखेला निघायचंय."

"निघू नका असं मी म्हणत नाही. हा घेऊन निघू नका म्हणतोय."

ग्रंथपालांनी त्याच दुपारी पत्र दिलं. त्यात नोकरीची वर्षं, हुद्दा आणि वागणूक चांगली असल्याचं लिहून शेवटी एक ओळ होती : 'सदर कर्मचारी सुटलेली कोणतीही वस्तू शिवल्यावाचून राहू शकत नाहीत, याचा या कार्यालयाला अनुभव आहे.' अधिकाऱ्यांनी ते वाचलं, चेहरा न हलवता फाइलला लावलं आणि म्हणाले, "दहा दिवस."

ते दहा दिवस बाई रोज सकाळी खाली जाऊन टपालपेटी पाहत, मग संध्याकाळी पाहत, आणि टपाल दुपारी येतं हे ठाऊक असूनही मध्ये एकदा पाहत. चोवीस एप्रिलला, शुक्रवारी, नवा पासपोर्ट आला. सोमवारी त्या पुन्हा त्याच खिडकीशी. कारकुनाने ओळखलं. दिवा लावला, दोरा चमकला. "हा ठीक आहे. व्हिसा चार मेपर्यंत मिळेल."

चार मे म्हणजे मेळाव्याचा शेवटचा दिवस. पुतणीने तिकीट रद्द न करता त्याची तारीख मोकळी ठेवून घेतली.

तीस तारखेला दुपारी दोन चाळीसला विमान गेलं तेव्हा बाई कामावर होत्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण दोरा दोनदा तुटला. शिपाई दोऱ्याची नवी रीळ टेबलावर ठेवून गेला.

तीन मेला फोनवर एक फोटो आला. लांब टेबल, पाच माणसं. बाईंना कोण कोणता ते कळेना. काठवाला दाढीवाला असेल असं त्यांनी एकोणीस वर्षं धरलं होतं. तो बहुधा कडेचा टकला होता. त्यांनी फोन खणात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मग कागदवालीला फोन लावला. दोघींनाही धड न येणाऱ्या भाषेत बोलणं झालं. पासपोर्ट शिवल्याचं ऐकून कागदवाली इतका वेळ हसली की बाईंना वाटलं फोन बिघडला. मग तिने सांगितलं : बाकीचे तिघं परवा जातील, काठवाला दोन तासांवर राहतो, आणि मी महिनाअखेरपर्यंत इथेच आहे. छप्पर अजून माझंच आहे. ये.

त्या संध्याकाळी दादांनी विषय काढला.

"मेळावा संपतोय ना उद्या? मग झालं तर. तिकिटाचे गेले ते गेले. आता तारीख बदलायला आणखी किती?"

"चौदा हजार दोनशे."

"दोन माणसांना भेटायला?"

"आधीही पाचच होती. पन्नास नव्हती."

"अगं, पुढच्या वर्षी आपण सगळेच जाऊ. नीट ठरवून. मीही येतो."

बाई भांडी पुसत होत्या. हातातली थाळी त्यांनी पुसून ठेवली, मग तीच पुन्हा उचलून पुसायला लागल्या.

"सगळे निघालात की कुणीतरी मागे राहावं लागतं, दादा. ते कोण ते ठरलेलंय. मला आत्ता जायचंय. एकटीला. मेळावा नसला तरी."

दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? ताई, तारीख बदलून घ्या. हे आत्ता बोलतील, रात्री मलाच विचारतील ती पोचली का म्हणून." दादा उठून बाहेर गेले. पुतणीने संगणक उघडला. सात मे, सकाळचं विमान. दुसऱ्या दिवशी व्हिसाही हातात आला.

सात तारखेला टॅक्सी दाराशी आली तेव्हा दादा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर जाऊन बसले. बाई म्हणाल्या, "मी एकटी जाणार होते." दादा म्हणाले, "विमानात एकटीच बसशील. मी तिकीट काढलेलं नाही." वाटेत त्यांनी तीनदा पासपोर्ट आहे का विचारलं आणि बाईंनी तिन्ही वेळा पर्स उघडून पाहिलं.

विमानतळावर पैसे द्यायची वेळ आली तर बाईंकडे परदेशी नोटा आणि इथली एकच मोठी नोट. ड्रायव्हरकडे सुटे नव्हते. दादांनी पाकीट काढलं.

"किती झाले?"

"तीनशे ऐंशी. असू दे."

"असू दे नाही. आल्यावर देते."

"आल्यावर दे," दादा म्हणाले. त्यांनी बॅग उतरवून बाईंच्या हातात दिली, हँडल घट्ट आहे का ते ओढून पाहिलं आणि बाजूला झाले.

काचेच्या दारातून आत गेल्यावर बाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं. पहिल्यांदा दादा तिथेच उभे होते. दुसऱ्यांदा ते त्याच टॅक्सीवाल्याशी परतीच्या भाड्यावरून घासाघीस करत होते. बाई रांगेत लागल्या. पुढे चाळीसेक माणसं होती. त्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत पुढे सरकत राहिल्या.

टॅक्सीचे तीनशे ऐंशी दादांना अजून द्यायचे आहेत.