आबांचा थोरला टेस्टर

कसालच्या बाजारात जुने रेडिओ दुरुस्त करणारे आबा गिऱ्हाइकाच्या आधी व्हॉल्व्हची विचारपूस करीत. काचेचा तो दिवा बोटांत धरून त्यालाच म्हणत, "काय रे, दमलस?" म्हणून सगळे त्यांना व्हॉल्व्हआबा म्हणायचे.

त्यांच्या टेबलावर व्हॉल्व्ह तपासायची दोन जुनी यंत्रं होती. धाकटा टेस्टर व्हॉल्व्हमध्ये जीव आहे की नाही एवढंच सांगे. काटा हिरव्यात गेला की झालं. थोरला मात्र व्हॉल्व्हला प्रत्यक्ष कामाला लावून तो किती काम करतो याचा आकडा देई. आबांची तुलना वेगळी होती. "धाकटो भटजीसारखो, येयत तेका आशीर्वाद देता. थोरलो सासऱ्यासारखो. कमवतंस किती, ता आधी इचारता."

मी थोरल्याच्या बाजूचा. घरातला गॅस सिलिंडर किती दिवस पुरला हे मला तोंडपाठ असतं. नुसत्या हिरव्यावर माझं समाधान कसं होणार? जुने रेडिओ जमवायचा नाद लागल्यापासून माझे सगळे व्हॉल्व्ह आबांनीच तपासले. जादा असलेले मी इतर छंदिष्टांना देई, आबांचा आकडा सांगून, माझ्या हमीवर. न बघता लोक घेत. त्या शब्दाचा मला अभिमान होता.

गेल्या वर्षी थोरल्याच्याच मॉडेलचा एक टेस्टर मला भंगारात मिळाला. नीट करून घेतला आणि हौसेने आबांकडे नेला. एकच व्हॉल्व्ह दोन्हींत लावला. माझ्यावर एक्केचाळीस, त्यांच्यावर बहात्तर. चूक माझ्याच यंत्राची, यात मला शंका नव्हती. आबा चहा सांगायला दारात गेले तेव्हा पुन्हा लावून बघावा म्हणून मी त्यांच्या टेस्टरमधला व्हॉल्व्ह उपटला. काटा बहात्तरवरून हलला नाही. विजेचा दाब जुळवायचं बटण फिरवलं, तर काटा मी नेईन तिथे जाऊन थांबला.

"आबा, व्हॉल्व्ह माज्या हातात आसा. काटो खंय आसा बघा."

त्यांनी पाहिलं. दचकले वगैरे नाहीत. "तो बिघाडल्याक वर्षां झाली. सुटो भाग खंय मिळता?"

"मग आकडे?"

"अंदाजान. धाकटो होतो, कान होते. मी दिलेलो एक तरी व्हॉल्व्ह वाजल्याशिवाय रवलो?"

"नाय."

"मगे? तुका आकडो होयो होतो, दिलंय. तुजो इश्वास काट्यार. माज्यार खंय होतो?"

"तुमच्यारच होतो, आबा. म्हणान तर काटो कधी तपासूक नाय."

चहा आला. आबांनी माझा कप नेहमीसारखा बशीने झाकून माझ्यासमोर सरकवला. मी तो न पिता माझा टेस्टर उचलला आणि बाहेर पडलो. त्यानंतर त्या दुकानाची पायरी चढलो नाही.

ज्यांना ज्यांना व्हॉल्व्ह दिले होते, त्या सगळ्यांना मी फोन केले. व्हॉल्व्ह वाजेल, पण आकडा धरू नका, म्हणालो. कोणी हसलं, कोणी चिडलं. आंबोलीच्या एका गृहस्थांनी सरळ विचारलं, "पण हे आकडे ठोकून दिले कोणी?"

"मीच," म्हणालो.