मगावरचं नाव

परवा दिग्रसच्या बाजारात जुन्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा ढीग दिसला आणि मला तांड्यावरची ती पंचवीस वर्षांपूर्वीची दुपार आठवली.

आमच्या अंगणात एक फौजी अधिकारी आले होते. आईचा, म्हणजे माझ्या याडीचा, बाप महायुद्धात जपान्यांच्या कैदेत वारला होता. तो लढाईवर गेल्यावर आई जन्मली. घरच्यांनी बारशाची खबर धाडली होती, पण ती त्याला पोचली की नाही, हे आईला साठीपर्यंत कळलं नव्हतं. आता दूरच्या बेटावर गळ्यातल्या बिल्ल्यावरून त्याची कबर ओळखली गेली होती. तिच्यात सापडलेला चेपलेला ॲल्युमिनियमचा मग अधिकाऱ्यांनी आईच्या हातात ठेवला. बुडाशी खिळ्याने काहीतरी कोरलं होतं.

"काय लिवलं हाये रे?" आईने विचारलं.

मी अंगठ्याने माती पुसली. अक्षरं वाचली. "जमनी. याडी, तुहं नाव हाये!"

"माह्या बापाले माहं नाव मालूम होतं!" आई ओरडली आणि हातातला तो मग उंचावून अनवाणीच घरोघर धावत सुटली.

तेव्हा मी तिचाच आनंद पाहिला. आता मीही एका लेकीचा बाप आहे. मला कैदेतला आजा दिसतो, न पाहिलेल्या पोरीचं नाव खुशीत कोरत बसलेला.