हाक मारायला नाव

आमच्या गल्लीत नवरा बायकोला तिच्या नावानं हाक मारत नाही. पहिलं मूल झालं की त्याचंच नाव आईलाही चिकटतं. आमचे हे अंगणातून 'जसूर' म्हणून ओरडतात. माझा थोरला जसूर ताश्कंदला नोकरीला असतो, तरी ओ मीच देते.

शेजारच्या सनोबरच्या लग्नाला सात वर्षं झाली, पण तिचं 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावरच भागत होतं. तिचा नवरा तुर्गुन लोखंडी फाटकं जोडतो. त्यानं 'ऐकलंस का' म्हटलं की कधी कधी मीच भिंतीपलीकडून 'ऐकतेय' म्हणायची, मग दोघंही हसायची.

मूल व्हावं म्हणून सनोबर रोज सकाळी जमिनीला पाय टेकायच्या आधी जिभेखाली तापमापी धरते आणि आकडा कॅलेंडरवर लिहिते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या दिवशी तुर्गुननं काम टाकून लवकर घरी यायचं. तो येतो, पण कुरकुरत. एकदा म्हणाला म्हणे, "आपण काय पाटाचं पाणी आहोत का, अमुक वारी सोडायचं म्हणून?" हे सांगताना ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. मी तिला काळं जिरं आणि मध दिलं. दर शुक्रवारी तिच्या नावानं दुवा करते.

गेल्या वसंतात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझं सगळं ठीक आहे, आता नवऱ्याला तपासू. तेव्हापासून तुर्गुन तो विषयच काढू देईना. त्याच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून आईनं त्याचं नाव तुर्गुन ठेवलं, 'टिको' म्हणून. अशा मुलात काही उणं असेल हे त्याच्या आईच्या, हुर्मतबीबींच्या, कानांना सोसणारं नव्हतं. दोष सुनेचाच, असं त्या गल्लीभर सांगत.

परवा बुधवारी मी तंदूरला रोट्या लावत होते. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या हुर्मतबीबीही आपली कणीक घेऊन माझ्याच तंदूरपाशी आल्या होत्या. एवढ्यात भिंतीपलीकडून तुर्गुनची हाक आली, "ओयदिन, चहा आण गं." आणि सनोबर म्हणाली, "आणते." ओयदिन हे तर मुलीचं नाव.

माझ्या हातातली रोटी निखाऱ्यात पडली. हुर्मतबीबी माझ्याकडे बघत राहिल्या. अशा गोष्टी विचारल्या तर दृष्ट लागते, म्हणून आम्ही विचारलंच नाही. मीच त्यांना मिठी मारली आणि मीच पुढच्या दोन घरी सांगून आले. अल्ला मला माफ करो.

दुपारी आम्ही चौघी हलव्याची ताटं घेऊन सनोबरच्या दारात उभ्या. तिनं ताटं पाहिली, आमची तोंडं पाहिली, आणि तिला कळलं. नेमकी त्याच सकाळी तिची पाळी आली होती. तरी तिनं दस्तरखान अंथरला, सगळ्यांना चहा दिला, आणि मग खाली बघत म्हणाली, तसं काही नाहीये.

"मग ते नाव कसलं?" हुर्मतबीबींनी विचारलं.

तुर्गुन दाराशी उभा होता, हात काजळीनं काळे. तो म्हणाला, "मी ठेवलं. आणखी किती वर्षं हिला 'ऐकलंस का' म्हणू?"

"जन्माआधी नाव? हिनंच शिकवलं असणार. जमीन बरी असती तर नावाची एवढी घाई झाली नसती."

सनोबर पेले गोळा करू लागली. तुर्गुननं तिच्या हातातली किटली काढून घेतली.

"आई, जमीन तपासून झाली," तो म्हणाला. "बियाणं राहिलंय. मी भ्यालो, म्हणून गेलो नाही."

बायका उठल्या. हलव्याला कुणी हात लावला नाही. हुर्मतबीबी मात्र तिथंच बसून दस्तरखानाची कड बोटांनी दुमडत राहिल्या.

काल मी माफी मागायला गेले. सनोबर जर्दाळू फोडून वाळत घालत होती. म्हणाली, "आपा, तुम्ही ताट घेऊन उभ्या होतात ना, एक क्षण मलाही वाटलं, कदाचित मलाच माहीत नसेल." मी तिच्या शेजारी बसले. दोघी मिळून जर्दाळू फोडत राहिलो.

आज सकाळी सातच्या गाडीनं दोघं शहरात डॉक्टरीणबाईंकडे गेली. तुर्गुननं धुतलेला सदरा घातला होता. त्यांचे जर्दाळू माझ्यावर सोपवलेत. माश्या हाकत बसले आहे. दुपारची नमाज झाली. रस्त्यावर कुठली गाडी थांबली की मी उठून बघते.