सागाखालचा टेहळ्या

भूत, चकवा, परग्रहावरची माणसं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. सतरा वर्षं फौजेत काढली, त्यातली बरीचशी टेहळणीत. म्हणजे पुढे जायचं, लपून बघायचं, नकाशा काढायचा आणि परत येऊन रिपोर्ट द्यायचा. दिसलं तेवढंच सांगायचं, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून हेही दिसलं तेवढंच लिहितोय.

शहापूर तालुक्यात डोळखांबच्या पुढे डोंगरात आमचा पाडा आहे. रिटायर झाल्यापासून मी तिथेच भातशेती करतो. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. तीन दिवस टँकर आला नव्हता, म्हणून मी आणि कमळवहिनी – माझ्या थोरल्या भावाची बायको – टेकडीमागच्या झऱ्यावरून पाणी घेऊन येत होतो. दुपारचे चार वाजले असतील. तिच्या डोक्यावर हंडा, माझ्या दोन्ही हातांत कॅन.

माथ्यावर एका सागाखाली एक माणूस बसला होता. साधी पँट, मळका शर्ट. पण त्याची बसण्याची पद्धत बघून मी थबकलो. पाठ खोडाला, पुढे झुडूप, अख्खं खोरं नजरेत आणि खालून कुणाला आपण दिसणार नाही... गुराखी असा बसत नाही. असे आम्ही बसायचो!

वहिनीला थांबायची खूण केली, कॅन ठेवले आणि मागून गेलो. त्याच्या मांडीवर एक पातळ काळी पाटी होती. तिच्यावर खालचा सगळा मुलूख काढलेला – पाडे, वाटा, शाळा, पूल आणि लांबचं धरण. धरणाभोवती जाड गोल. त्याने बोट फिरवलं तशी दुसरी चित्रं येऊ लागली. एकात प्रत्येक झाडाला दोन सावल्या, दोन दिशांना. एकात जांभळ्या पाण्यात खांबांवर उभी वस्ती... आणि त्याच जागेचं पुढचं चित्र. तिथे नुसते खांब होते.

टेहळ्याचा रिपोर्ट गेला की त्याच्या मागून काय येतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

"कोण रे तू? कुठल्या फौजेचा?" मी दरडावलं.

तो दचकला नाही. "ओळखलंस," तो म्हणाला. "आजवर कुठेच कुणी ओळखलं नव्हतं. फौज लांबची आहे. मी फक्त बघून जातो. जागा घेण्यासारखी आहे की नाही, एवढंच कळवायचं."

तेवढ्यात वहिनी येऊन पोचली. तिला वाटलं, सर्व्हेवाला. हंडा खाली ठेवून म्हणाली, "बरा आलास रे बाबा. लिव – तीन दिस टँकर नाय."

तो तिच्याकडे वळला आणि बोलला ते हुबेहूब तिच्या बोलीत. "पन समोर यवढं पानी हाय ना गो?"

"त्ये आमचं नाय."

"मंग कोनाचं?"

"लांब शेरात जातं, पायपानं. जमिनी आमच्या गेल्या त्याच्यात, पानी त्यांना. आमी हितं झऱ्यावर."

"तुमी लढला नाय?"

"अर्ज केलं, मोर्चं काढलं. आनखी काय करनार?"

त्याने पाटीवर धरणाभोवतीच्या गोलावर बोट ठेवलं. मग मला हळूच विचारलं, "म्हणजे आमच्या आधीच इथे कुणीतरी येऊन सगळं घेतलंय?"

सतरा वर्षांत मी एकही चुकीची माहिती दिली नव्हती. "हो," मी म्हणालो. "केव्हाच. आणि त्यांची ताकद फार मोठी आहे." ते खोटं होतं की खरं... अजून ठरवता आलेलं नाही.

त्याने तळहाताने सगळी पाटी पुसली. "मग इथे आमचं काम नाही," म्हणाला आणि एक मोठा श्वास सोडला. तो श्वास माझ्या ओळखीचा होता. "तिथे काही नाही" असा रिपोर्ट देताना मीही असाच सोडायचो.

त्याने हंडा उचलून वहिनीच्या डोक्यावर ठेवला आणि उताराने चालू लागला. एप्रिलमध्ये सागाचा पाचोळा घोट्यापर्यंत असतो, ससा पळाला तरी खडखडतो. त्याचं एक पाऊल वाजलं नाही. एका खोडामागे गेला तो पलीकडून बाहेर आलाच नाही. मी धावत जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं.

तिथेच बसलो आणि मला हसू फुटलं, थांबेचना.

"ऊन लागलं काय तुमाला?" वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. तिच्या मते तो त्या सर्व्हेवाल्यानेच पाठवला, आणि ती पाड्यात सगळ्यांना तसंच सांगते. मी तिचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. तो कोण, कुठला, कुठे गेला – याचा मला आजही काही पत्ता नाही. मात्र दोन वर्षं झाली, त्याच्या मागून कुणी आलेलं नाही... एवढं मला पुरतं.