हौशीरामच्या नातीचा पाळणा

कामशेतला हौशीरामच्या दुकानात लोखंडी दारं, ग्रिल, जिन्याचे कठडे करून मिळतात. लाकडाचं नाव काढलंत, की तो वेल्डिंगचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढतो. विषय संपला.

खरं तर घराणं सुताराचं. रंधा, पटाशी हातात घेऊनच वाढलेला. पण तरुणपणी लोणावळ्याच्या एका बंगल्याला त्याने सागवानी दार केलं. मालकाला घाई, लाकूड ओलं. पहिल्याच पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकलं आणि मालकाने चारचौघांत त्याचा बाप काढला. घरी येऊन त्याने हत्यारं माळ्यावर टाकली.

"बाई, लाकूड लय नखऱ्याचं. पाऊस आला फुगलं, ऊन पडलं आखडलं, वाळवी लागली संपलं. लोखंडाला रंग मारला की गप ऱ्हातंय."

मी त्याला सातवीत शिकवलंय, त्यामुळे मुकाट ऐकून घेत नाही. "आणि गंजतं ते रे?"

"परत रंग मारायचा!"

यंदा थंडीत त्याची लेक अपेक्षा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारशाला नात आपल्या हातच्या पाळण्यात निजणार, असं हौशीरामने अख्ख्या बाजाराला सांगून टाकलं. पाळणा अर्थात लोखंडी. पाइप वाकवले, सोनेरी रंग दिला, वर बेअरिंग बसवलं.

"ह्यात बाळ घालायचं का कारखान्याचा माल?" त्याची बायको नंदाबाई म्हणाली. "हात लावून बगा, बर्फ हाय नुसता."

"मग गोधडी टाक की आत!"

बारशाला मी होते. आधी वरवंट्याला टोपडं घालून बाया तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात, मग बाळाची पाळी. वरवंटा खालून येताना पाइपला लागला. ठण्ण! अपेक्षाच्या मांडीवरची पोर दचकून किंचाळली.

"हौशीभाऊ, शाळा सुटली का वो?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या जणी खो खो हसल्या. पाळण्यात ठेवली तर पोरीची मूठ गार पाइपला लागली, पुन्हा भोकाड. शेवटी ती आजीच्या कुशीत झोपली. पाळणा मात्र बेअरिंगवर रिकामाच हलत राहिला. हौशीराम दाराशी उभा होता, त्याच्याकडे बघवेना.

माझ्या मागच्या दाराला त्याने जाळी बसवून द्यायची होती. उद्या येतो म्हणाला, आला नाही. फोन उचलेना. मला वाट बघायची सवय नाही. तडक गेले. दुकान बंद, आणि घरामागून रंध्याचा आवाज. अंगणभर ढलप्या.

"जाळीचं काय झालं?"

"बाई, हात वळंना," तो वर न बघता म्हणाला. "बापानं ठेवलेला साग हाय, चांगला वाळल्याला. पयली फळी फुकट गेली. दुसरी चिरली. आता एवढीच उरलीया. ही बी गेली तर पोरीला काय तोंड दावू?"

मी बोलायला तोंड उघडलं, तोच त्याने फळी माझ्याकडे सरकवली.

"ते टोक धरा की वाईच."

धरलं. साडीभर भुसा झाला. रंधा आधी अडखळला, मग एकदम सुरळीत चालायला लागला, आणि हौशीराम पूर्वीसारखा शीळ घालू लागला. तेव्हा मी टोक सोडलं.

लोखंडी सांगाडा त्याने ठेवला, भार लोखंडानेच पेलावा म्हणून. आत टांगला लाकडी पाळणा, कडा हाताने घासून लोण्यासारख्या केलेल्या. बेअरिंगच्या जागी लाकडी खुंट्या. नात त्यात पडली ती टकामका बघत राहिली, रडली नाही. फक्त झोक्याला पाळणा करकरायचा. हौशीराम तेल घेऊन धावला.

"आबा, ठिवा ती बाटली!" अपेक्षा दबक्या आवाजात ओरडली. "त्या आवाजावरच झोपतीया ती."

माझी जाळी अजून लागलेली नाही. शेजारचं मांजर खुशाल आत येऊन दूध पिऊन जातं. आज सकाळी फोन करून त्याला चांगलं झापायला घेतलं, तर पलीकडून करकर ऐकू आली आणि हौशीराम कुजबुजला, "बाई, हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय."

मग काय, मीही कुजबुजतच झापलं.