दादानं न घेतलेली गोळी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या आमच्या तपासणी प्रयोगशाळेत होते. "ताई, हे गेले," एवढंच ती बोलली. मला रडू यायच्या आधी राग आला. दीड महिना झाला, तो अजून उतरलेला नाही.

विनायकदादाचं घाटंजीत औषधांचं दुकान होतं. शोकसभेत त्याला गरिबांचा डॉक्टर म्हटलं गेलं. तो डॉक्टर नव्हता. ताप, खोकला, जुलाब, कशावरही अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या पाकिटातून कापून द्यायचा, आणि माणूस दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला गेला की ते चारचौघांत मिरवायचा. मी जंतूंवर औषधांच्या चाचण्या करते. आमची दिवाळीही भांडणातच जायची.

दोन वर्षांपूर्वी त्याला लघवीचा संसर्ग झाला. तपासणीत ठरलेलं औषध त्यानं तीन दिवस घेतलं, बरं वाटताच सोडलं, जळजळ झाली की पुन्हा घेतलं. असं किती वेळा, ते त्यालाच ठाऊक… यंदा उन्हाळ्यात वहिनीनं त्याला पटवून नमुना माझ्याकडे पाठवला. जंतू तोच होता, पण त्या औषधाला आता दाद देत नव्हता. दादानं कधीच न घेतलेल्या आणखी दोन औषधांनाही नाही. एक औषध अंगाबाहेर फेकायला शिकला की जंतू त्याच वाटेनं दुसरंही फेकतो. मात्र जंतू वाढवायच्या काचेच्या ताटलीत एका जुन्या, स्वस्त औषधाभोवती ते मेल्याचं स्वच्छ वर्तुळ उमटलं होतं, आणि पहिल्या तपासणीपेक्षा ते मोठं होतं. एकापासून वाचता वाचता तो दुसऱ्यापुढे दुबळा झाला होता. मी हरखले. डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्या औषधाच्या गोळ्या घेऊन शनिवारी घाटंजी गाठली.

गोळी पाहून दादा हसला. "बाबाच्या जमान्यातली गोळी मले देतं काय? नवं तगडं औषध चालत नाही, तिथं हे चालन?"

मी समजावलं, मग ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "तू ताटल्या पाह्य. माणसं मी पाह्यतो."

मी पाणीही न पिता परतले आणि तीन आठवडे फोन केला नाही. माझी गोळी चालू आहे, असं तो वहिनीला सांगत राहिला. घेत होता मात्र जंतू दाद देत नव्हता त्याच औषधाच्या कुळातलं महागडं भावंड.

जंतू मूत्रपिंडातून रक्तात उतरले तेव्हा त्याला यवतमाळला आणलं. ती गोळी लघवीतच काम करते, रक्तात तिचा उपयोग नाही. खाटेवरून त्यानं विचारलं, "आता देतं का ते गोळी?"

"आता नाही चालत, दादा."

तो भिंतीकडे वळला. आमचं शेवटचं बोलणं तेच.

गेलेल्यावर राग धरू नये म्हणतात. मी धरते, त्याच्यावर आणि त्या तीन आठवड्यांवरही… त्याच्या रक्तातल्या जंतूंची कुपी आमच्या डीप फ्रीझरमध्ये आहे. मुदत संपली, नष्ट करू का, असं सहकारीण परवा विचारत होती. राहू दे म्हणाले. कुपीवर नाव नाही, फक्त क्रमांक आहे. पण कप्पा उघडला की माझा हात न बघता तिच्यावरच जातो.