साधन फेल, असं लिहिलं त्यांनी

"चुकून? अहो, चुकून पोहे खारट होतात. मूल नाही होत."

डॉक्टरबाई हे माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. मी टेबलावर आडवी. साडी ओटीपोटाखाली ढकललेली, पोटावर तो गार जेल. भोवती शिकाऊ डॉक्टर, मुलं-मुली. सगळे हसले. नवराही हसला. एवढ्या शिकलेल्या माणसांत आपल्यालाही हसता आलं, याचं त्याला बरं वाटलं असावं.

कोथरूडातलं मोठं हॉस्पिटल होतं. आम्ही यवतमाळकडचे, वारज्यात भाड्याच्या खोलीत राहणारे. आदल्या दिवशी गर्भपातासाठी मी एकटीच गेले होते. काउंटरवर पहिला प्रश्न, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर परत पाठवलं. नवऱ्याची सही लागेल म्हणाले. सज्ञान बाईची एकटीची संमती कायद्याला पुरते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मी मुकाट घरी आले आणि ज्याच्यापासून लपवायचं होतं, त्यालाच घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी कारण विचारलं होतं. विचारलं मला, पण बघितलं त्याच्याकडे. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "चुकून झालं जी मॅडम." मग तो पोह्यांचा विनोद. मग त्यांनी केसपेपरवरचं आमचं आडनाव वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "लिही, साधन फेल. ह्या लोकांचं दुसरं काय असणार?"

त्या मुलीनं लिहिलं. माझ्याकडे न बघता.

गर्भनिरोधाचं साधन फेल व्हायला आधी ते घरात असावं लागतं. आमच्याकडे नव्हतंच. मी गोळ्या आणू का विचारलं तर नवरा म्हणायचा, "काऊन? कोणाकडे जायचं हाय तुले?" त्या रात्री मी नाही म्हणाले होते. हात जोडले होते. पलीकडे मुलगी झोपलेली, म्हणून ओरडले नाही. त्यानं ऐकलं नाही. हे माझं कारण. ते मूल माझ्यावर लादलेलं होतं आणि मला ते नको होतं. पण लादणारा उशाशी उभा असताना हे कसं सांगू? आणि कोणाला? ज्यांना माझं आडनाव वाचूनच सगळं कळलं होतं त्यांना?

घरी आले. गर्भपातानंतरचं रक्त थांबलं. तो प्रश्न थांबला नाही. भांडी घासताना मागून कोणी तरी "कारण?" म्हणायचं. मी वळून बघायची. मोरीत मी एकटीच. मग मी नळ मोठा सोडून हळूच उत्तर द्यायची. खरं उत्तर. रोज देत होते, तरी रोज विचारायचं कोणी तरी. बस त्या हॉस्पिटलवरून जायची तेव्हा मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड करायची. अजूनही करते.

पुढं मी बाहेरून एम.ए. केलं. एका संशोधन संस्थेत काम मिळालं. घरोघर जाऊन बायकांच्या आरोग्याची माहिती घ्यायची. गेल्या वर्षी नवा अभ्यास आला. बायका गर्भपात का करतात? प्रश्न वाचला आणि तो कागद मी उलटा ठेवला. प्रशिक्षणात सांगितलं होतं, बाईला एकटीला गाठून विचारा. पण एका खोलीच्या घरात बाई एकटी कधी असते?

वारज्यातल्याच एका घरी गेले. विशीतली पोरगी. तिची सासू उंबऱ्यात मेथी निवडत बसलेली. मी विचारलं पोरीला, उत्तर सासूनं दिलं. "गोळी विसरली ही. लिवा." पोरगी खाली बघत होती. एकदाच तिनं मान वर केली. ती नजर मला माहीत होती. त्या टेबलावर पडून मी छताकडे तशीच बघत होते.

"मावशी, जरा बाहेर बसता का?"

"माझ्या घरात मी बाहेर बसू व्हय?"

मी पेन बंद केलं आणि निघाले. पोरगी कचऱ्याची बादली घेऊन जिन्यापर्यंत मागे आली. मला वाटलं, आता सांगेल. ती म्हणाली, "ताई, परत येऊ नका. तुम्ही गेल्यावर मला विचारतात, काय सांगितलंस म्हणून."

मी परत गेले नाही. तिच्या उत्तराची जागा मोकळी ठेवली. तशा आणखी काही बायकांचीही.

काल मीटिंगमध्ये आमच्या प्रमुख मॅडमनी पडद्यावर आलेख दाखवला. सगळ्यात उंच खांब साधन फेलचा. किती स्पष्ट कल आहे बघा, असं कौतुकानं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "अहो ताई, बाकीच्यांना उत्तरं मिळतात. तुमच्याच भागातल्या बायका मुक्या आहेत का?"

पुन्हा हसले सगळे. तसंच. खोली वेगळी, हसू तेच.

मी उभी राहिले. म्हणाले, "मॅडम, तिथल्या बायका मुक्या नाहीत. शेजारी सासू बसते, नवरा बसतो, आणि आपण त्यांचं बोलणं बाईचं म्हणून लिहून आणतो. हॉस्पिटलात माझंही असंच लिहिलं गेलंय. साधन फेल. साधन नव्हतंच. माझ्या नवऱ्यानं जबरदस्ती केली होती."

मॅडम कागद सारखे करत म्हणाल्या, "वैयक्तिक गोष्टी इथं नकोत. आणि ती उत्तरं सोमवारपर्यंत भरून द्या."

"नाही भरणार."

"मग कामाचं बघावं लागेल."

"बघा."

मी भरणार नाही. बाईच्या मानेवर कोणी बसलेलं असताना निघालेला शब्द तिचं कारण म्हणून लिहिणार नाही. या कामात नाही, दुसऱ्या कुठल्याही कामात नाही. हॉस्पिटलच्या असल्याच खांबातली माझी वीट खोटी आहे, हे विचारेल त्याला सांगेन.

त्या मीटिंगमध्ये आमच्याच इमारतीतली एक बाई होती. संध्याकाळी जिन्यात ती माझ्या नवऱ्याशी बोलता बोलता मला बघून गप्प झाली. त्याच्या कानावर जाणार. आज नाहीतर उद्या. तो घरात येऊन विचारेल, काय बोललीस तिथं?

त्यानं विचारायची वाट मी बघणार नाही. इतकी वर्षं नळाखाली कुजबुजत आले, ते आता त्याच्यासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणणार आहे. तो हात उगारेल, कदाचित घराबाहेर काढेल. काढू दे. आज तो कामावरून आला की, ताटं घ्यायच्या आधी.